घरचा सुरक्षा कॅमेरा मेश वायफायला जोडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेश म्हणजे घरात ठिकठिकाणी ठेवलेले वायफायचे पॉइंट, जे मिळून एकच वायफाय पसरवतात. ते बसवलं की फोनला माडीवरपासून पार्किंगपर्यंत रेंज मिळते आणि नेमका दारावरचा कॅमेराच ‘ऑफलाइन’ दाखवायला लागतो. त्याचं कारण साधं आहे. मेश बनवलंय घरभर फिरणाऱ्या फोनसाठी. कॅमेरा एकदा भिंतीला ठोकला की जागचा हलत नाही आणि त्याची वायफायची चिपही बेताची असते. खालची बहुतेक उत्तरं या बेबनावातूनच आलेली आहेत. उदाहरणं टीपी-लिंकच्या डेको मेशची जास्त आहेत, कारण ते आपल्याकडे बऱ्याच घरांत दिसतं. इतर कंपन्यांच्या अ‍ॅपमध्ये हेच पर्याय थोड्या वेगळ्या नावांनी सापडतील.

मेशसाठी वेगळा कॅमेरा घ्यावा लागतो का?

नाही. कॅमेऱ्याच्या दृष्टीने मेश म्हणजे नेहमीचंच वायफाय. कॅमेरा आणि मेश एकाच कंपनीचे असले तर एका अ‍ॅपमध्ये दोन्ही दिसण्याची सोय होते, रेंज वाढत नाही. दुकानदार काहीही म्हणो.

फोन ५ गिगाहर्ट्झवर आणि कॅमेरा २.४ वर. म्हणून जोडणी होत नाही का?

हे अर्धं खरं आहे. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ हे वायफायचे दोन बँड, म्हणजे लहरींचे दोन पट्टे. घरगुती कॅमेरे बहुतांशी फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. त्यात काही वाईट नाही, कारण २.४ च्या लहरी भिंतींतून ५ पेक्षा बऱ्या आरपार जातात आणि कॅमेऱ्याला फार वेग लागतही नाही. एकदा जोडणी झाली की फोन ५ वर असला काय किंवा मोबाईल डेटावर असला काय, चित्र दिसतंच.

अडचण येते ती पहिल्या जोडणीच्या वेळी, आणि तीही कॅमेरा कोणत्या पद्धतीने जोडला जातो त्यावर अवलंबून. अ‍ॅप क्यूआर कोड दाखवतं आणि तो कॅमेऱ्यासमोर धरायचा, अशी पद्धत असेल तर त्या कोडमध्ये वायफायचं नाव आणि पासवर्ड असतो. फोन कोणत्या बँडवर आहे याचा तिथे संबंध नाही. आवाजाने किंवा ब्लूटूथने जोडणाऱ्या कॅमेऱ्यांचंही तसंच. पण काही जुन्या किंवा अगदी स्वस्त कॅमेऱ्यांत फोन ही माहिती वायफायवरूनच हवेत सोडतो आणि कॅमेऱ्याने ती ऐकायची असते. फोन ५ वर बोलतोय आणि कॅमेऱ्याला फक्त २.४ ऐकू येतं, मग गाडी अडते. मेशमध्ये दोन्ही बँडचं नाव एकच असल्यामुळे फोनला २.४ वर आणायचा कसा, हा प्रश्न इथूनच सुरू होतो.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे मेशच्या अ‍ॅपमधलं ‘आयओटी नेटवर्क’. तिथे वेगळं नाव द्या, फक्त २.४ चालू ठेवा, आणि कॅमेरे, स्मार्ट प्लग वगैरे मंडळींना कायमचं तिथेच ठेवा. तो पर्याय नसेल तर पाहुण्यांचं नेटवर्क फक्त २.४ वर चालू करा. तेही जमत नसेल तर जोडणी होईपर्यंत मुख्य नेटवर्कचं ५ गिगाहर्ट्झ बंद करा आणि काम झालं की परत चालू करा.

काही मेशमध्ये यातलं काहीच करता येत नाही. तिथे जुगाड असा: कॅमेरा यूएसबीवर चालणारा असेल तर पॉवर बँकेला लावा आणि फोन व कॅमेरा दोन्ही घेऊन पॉइंटपासून लांब जा, एखाद-दोन भिंतींपलीकडे. ५ ची रेंज तुटली की फोन आपोआप २.४ वर येतो. तिथे जोडणी उरकून मग कॅमेरा जागेवर लावायचा.

कॅमेऱ्याच्या स्वतःच्या वायफायला फोन जोडला की ‘इंटरनेट नाही’ असं येतं आणि सगळं अडकतं.

काही कॅमेरे पहिल्या जोडणीपुरतं स्वतःचं छोटं वायफाय सुरू करतात. तिथे इंटरनेट नसतंच, त्यामुळे घाबरू नका. ‘तरीही जोडलेले राहा’ निवडा आणि तेवढ्यापुरता मोबाईल डेटा बंद करा, नाहीतर फोन हुशारी करून डेटाकडे वळतो. अँड्रॉइडवर लोकेशनची परवानगी आणि आयफोनवर ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी अ‍ॅपला दिली आहे ना ते बघा. फोनमध्ये व्हीपीएन चालू असेल तर तेही बंद.

पासवर्ड बरोबर आहे, तरी कॅमेरा ‘चुकीचा पासवर्ड’ म्हणतो. असं का?

बहुतेक वेळा भांडण पासवर्डशी नसतं, सुरक्षेच्या प्रकाराशी असतं. डब्ल्यूपीए३ हा प्रकार २०१८ मध्ये आला. जुन्या कॅमेऱ्यांना तो कळत नाही, त्यांची मजल डब्ल्यूपीए२ पर्यंतच. मेशमध्ये फक्त डब्ल्यूपीए३ निवडलेलं असेल तर ते डब्ल्यूपीए२ करून बघा. डब्ल्यूपीए२ आणि ३ असा मिश्र पर्यायही असतो, पण काही कॅमेरे त्यालाही बुजतात. वायफाय ७ चं नवं मेश असेल तर एमएलओ (एकाच वेळी अनेक बँडवर जोडणी) हा प्रकार कॅमेऱ्याच्या नेटवर्कसाठी बंदच ठेवावा.

दुसरा संशयित म्हणजे नाव. हौसेने वायफायला मराठीत नाव देणारे बरेच आहेत आणि त्यात गैर काही नाही, पण वायफायच्या नावाला ३२ बाइटची मर्यादा असते. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, आणि प्रत्येक काना-मात्रा वेगळी धरून, ३ बाइट खातं. म्हणजे ‘पाटीलवाडा’ २७ बाइटमध्ये बसतं, पण पुढे ‘फायबर’ लावलंत की मर्यादा ओलांडली. फोनला मराठी नाव नीट दिसतं, स्वस्त कॅमेऱ्यांची मात्र त्यावर बोबडी वळते. इमोजीची तीच गत. कॅमेऱ्यांच्या नेटवर्कचं नाव साध्या इंग्रजी अक्षरांत ठेवा, पासवर्डमध्ये अक्षरं आणि अंक भरपूर असू द्या, पण अवतरणचिन्हं, स्लॅश, मोकळी जागा टाळा.

तिसरी गोष्ट थोडी आडवळणाची आहे. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झवर १ ते १३ चॅनेल वापरता येतात, अमेरिकेत साधारणपणे ११ पर्यंतच. तिकडून कोणी भेट म्हणून आणलेला कॅमेरा १२ किंवा १३ वरचं वायफाय ओळखतच नाही, यादीत नावच दिसत नाही. मेशमध्ये चॅनेल बदलायची सोय असेल तर १, ६ किंवा ११ निवडा. नसेल तर नेटवर्क ऑप्टिमायझेशन पुन्हा चालवा, नाहीतर मेश रीस्टार्ट करा. ते बहुधा दुसऱ्या चॅनेलवर जातं.

जिओ किंवा एअरटेलचा डबा आहे, त्याला मेश लावलंय. फोनमध्ये दोन वायफाय दिसतात. कॅमेरा कशाला जोडू?

मेशला. आणि डब्याचं वायफाय बंद करा. निम्म्या तक्रारी एवढ्यावरच मिटतात.

थोडं खोलात जाऊ. फायबरवाल्याचा डबा नुसता मोडेम नसतो, तो राउटरही असतो. त्याला मेश जोडलं की मेशचा मुख्य पॉइंटही राउटर व्हायला बघतो. आता घरात दोन राउटर, दोन वेगळी नेटवर्कं. जिओफायबरचा डबा सहसा १९२.१६८.२९ ने सुरू होणारे पत्ते वाटतो आणि डेको बहुधा १९२.१६८.६८ ने सुरू होणारे. कॅमेरा एकीकडे, फोन किंवा रेकॉर्डर दुसरीकडे, अशी फाळणी झाली की अ‍ॅपवरचं चित्र क्लाउडमार्गे दिसत राहतं, पण घरातल्या घरात रेकॉर्डरला कॅमेरा सापडत नाही. शिवाय एकाच भिंतीवरचे दोन डबे २.४ वर एकमेकांच्या बोलण्यात बोलतात, ते वेगळंच.

यावर दोन मार्ग आहेत. डब्याला ब्रिज मोडमध्ये टाकून, म्हणजे नुसता मोडेम ठेवून, मेशलाच राउटर करायचं, हा एक. पण घरगुती कनेक्शनवर कंपन्या हे सहजासहजी करून देत नाहीत. दुसरा मार्ग तुमच्या हातात आहे: मेशच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ऑपरेशन मोड ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ करायचा. मग पत्ते वाटायचं काम डबा करतो आणि मेश फक्त वायफाय पसरवतं. यात मेशमधल्या काही सोयी जातात, मुलांच्या नेटवर वेळेचं बंधन घालणं वगैरे. त्यांचा फारसा उपयोग करत नसाल तर माझं मत अ‍ॅक्सेस पॉइंटच्याच बाजूने आहे.

फोन, टीव्ही, कॅमेरे सगळेच मेशच्या वायफायवर असतील आणि काही अडत नसेल, तर दोन राउटर एकामागे एक असले तरी चालतंय ते चालू द्या. उगाच खाजवून खरूज काढू नये.

मेशचा पॉइंट कॅमेऱ्याच्या अगदी जवळ ठेवला तरी चित्र अडखळतं. मग ठेवायचा कुठे?

जवळ ठेवला म्हणूनच अडखळतंय. पॉइंट स्वतः इंटरनेट बनवत नाही, मुख्य पॉइंटकडून घेऊन पुढे देतो. ओढ्यापलीकडच्या शेताला पाणी द्यायचं तर मोटर पाण्याजवळ बसवावी लागते, पिकाजवळ नाही. मुख्य पॉइंट आणि कॅमेरा यांच्या साधारण मध्यावर, थोडा मुख्य पॉइंटकडे झुकलेला, अशी जागा शोधा. तिथून कॅमेऱ्यापर्यंतचा शेवटचा टप्पा २.४ चांगला निभावतं.

भिंत कशाची आहे यावर सगळं अवलंबून असतं. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधल्या चार इंची आतल्या भिंती फार त्रास देत नाहीत, लिफ्टचा खड्डा आणि आरसीसीचे खांब देतात. कोकणातल्या आणि गोव्यातल्या जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती, देशावरच्या वाड्यांच्या दगडमातीच्या भिंती रेंज गिळतात. दोन मजल्यांमधला स्लॅबही तसाच, कारण त्यात लोखंडी सळ्यांची जाळी असते. बंगल्यात वरच्या मजल्यावर पॉइंट ठेवायचा तर जिन्याच्या पोकळीजवळ ठेवा, रेंज जिन्यानेच वर चढते. लोखंडी सेफ्टी डोअर, मोठा आरसा, गोदरेजचं कपाट, पाण्याची टाकी यांच्या मागे पॉइंट लपवू नका. टीव्हीच्या मागे तर नकोच.

कॅमेऱ्याच्या अ‍ॅपमध्ये सिग्नलचा आकडा दिसत असेल तर तो बघा. हा आकडा उणे असतो. उणे ६५ च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ७५ म्हणजे कसंबसं, उणे ८० च्या पलीकडे गेला की आज ना उद्या कॅमेरा तुटणार. भिंतीला भोक पाडण्याआधी कॅमेरा त्या जागी हाताने धरून हा आकडा बघितला तर ड्रिल दोनदा काढावी लागत नाही.

वायर टाकणं शक्य असेल तर मात्र रेंजची चर्चाच सोडा. पॉइंटपर्यंत कॅट ६ केबल ओढा, सलग १०० मीटरपर्यंत ती नीट चालते. साध्या ड्युअल-बँड मेशमध्ये पॉइंट एकाच रेडिओवरून मागे आणि पुढे दोन्हीकडे बोलतो, त्यामुळे वेग निम्म्याच्या आसपास येतो. वायर टाकली की हा तोटा संपतो. रंगकाम निघालंच असेल तर तेव्हाच पाइपातून केबल टाकून घ्या.

शेजारी पॉइंट असताना कॅमेरा लांबचाच पॉइंट धरून बसतो. का?

कोणत्या पॉइंटला जायचं हे शेवटी कॅमेराच ठरवतो, मेश फक्त सुचवतं. फोन दर थोड्या वेळाने आजूबाजूला बघतो, चांगलं काही दिसलं की तिकडे जातो. कॅमेरा मात्र सुरू होताना जो भेटला त्याच्याशी एकनिष्ठ राहतो, मग रेंज कितीही वाईट असो. वर मेश त्याला ‘तिकडे जा’ म्हणून ढोसायला लागलं की तो गोंधळून तुटतो आणि अ‍ॅपवर दर तासाला ‘कॅमेरा ऑफलाइन’ची सूचना येते.

उपाय दोन टप्प्यांत करा. आधी कॅमेऱ्याचा प्लग काढा, हवा असलेला पॉइंट पूर्ण चालू आहे हे बघा आणि मग कॅमेरा लावा. मेशच्या अ‍ॅपमध्ये तो कोणत्या पॉइंटवर आला ते दिसेल. योग्य जागी आला की त्याच पानावर त्या उपकरणापुरतं ‘मेश टेक्नॉलॉजी’ बंद करा. डेकोमध्ये हा पर्याय प्रत्येक उपकरणासाठी स्वतंत्र असतो. तो बंद केला की मेश त्या कॅमेऱ्याच्या वाटेला जात नाही. नव्या आवृत्त्यांत ‘या उपकरणाने याच पॉइंटवर राहावं’ असंही सांगता येतं. तसं असेल तर तेच करा.

याच जोडीला ‘फास्ट रोमिंग’ बंद करा. फोनवर बोलत घरभर फिरणाऱ्यांसाठी ती सोय आहे, आणि जुन्या कॅमेऱ्यांना तिच्यामुळे जोडणीच जमत नाही असंही घडतं.

लाइट जाऊन आली की कॅमेरा परत येत नाही.

महावितरणच्या कृपेने हा प्रश्न बारमाही आहे. लाइट आल्यावर कॅमेरा अर्ध्या मिनिटात तयार होतो. फायबरचा डबा त्याहून जास्त वेळ घेतो, मग मेशचा मुख्य पॉइंट, मग इतर पॉइंट. ही साखळी पूर्ण व्हायला काही मिनिटं जातात. तेवढ्या वेळात कॅमेरा शोधून शोधून दमतो किंवा आधी जागा झालेला लांबचा पॉइंट धरतो.

मुळावर घाव घालायचा तर डबा आणि मेशचे सगळे पॉइंट कधी बंदच पडू देऊ नयेत. इन्व्हर्टर असेल तर हे सॉकेट त्यावर घ्या. नसेल तर राउटरसाठीचे छोटे डीसी यूपीएस मिळतात. बहुतेक डबे आणि मेश पॉइंट १२ व्होल्टवर चालतात, पण अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचल्याशिवाय काही जोडू नका. कॅमेऱ्याचे व्होल्ट तर हमखास वेगळे असतात, काहींना ५, काहींना ९ किंवा १२. पिन बसली म्हणून व्होल्टेज जुळलं असं होत नाही.

एक गोष्ट लोक विसरतात: फक्त डब्याला यूपीएस लावला आणि पॅसेजमधला मेश पॉइंट साध्या सॉकेटवर राहिला, तर लाइट गेल्यावर कॅमेरा बॅकअपवर असूनही आंधळा. मेमरी कार्ड असेल तर रेकॉर्डिंग निदान त्यावर होत राहतं. म्हणून कार्ड टाकाच.

नवीन मेश घेतलं. सगळे कॅमेरे पुन्हा जोडावे लागतील का?

मेशला जुन्या वायफायचंच नाव आणि पासवर्ड द्या, लहान-मोठी अक्षरं अगदी तीच. सुरक्षेचा प्रकारही जुळला तर कॅमेरे आपले आपण येतात. नवं नाव हवंच असेल तर ते मुख्य नेटवर्कला द्या आणि जुनं नाव आयओटी नेटवर्कला. शिडीवर चढायचं वाचतं.

कॅमेरा महिन्याला किती डेटा खातो?

फक्त मेमरी कार्डवर रेकॉर्डिंग असेल आणि तुम्ही अधूनमधून बघत असाल तर नगण्य. सतत क्लाउडवर पाठवत असेल तर हिशेब करा: सेकंदाला १ मेगाबिट धरलं तर दिवसाला सुमारे १०.८ जीबी, महिन्याला सव्वातीनशेच्या आसपास. फायबरच्या प्लॅनमध्ये दोन-तीन कॅमेऱ्यांचं हे खाणं खपून जातं. सिमच्या ४जी राउटरवर मात्र पहिल्याच आठवड्यात दमछाक. याच हिशेबाने १२८ जीबीच्या कार्डावर साधारण ११ दिवसांचं रेकॉर्डिंग राहतं, मग जुनं पुसून नवं. कार्ड ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेलं घ्या. फोनसाठीची साधी कार्डं रात्रंदिवसच्या लिहिण्याने लवकर मरतात.

घरी जुना डीव्हीआर आणि वायरचे कॅमेरे आहेत. त्यांना मेश चालेल?

त्या कॅमेऱ्यांना वायफाय लागतच नाही. डीव्हीआरची लॅन केबल जवळच्या मेश पॉइंटच्या पोर्टमध्ये घाला, झालं. डब्यापर्यंत वायर ओढायची गरज नाही. फक्त तुमच्या मेशच्या दुय्यम पॉइंटला लॅन पोर्ट आहे ना ते विकत घेण्याआधी बघा, काहींना तो नसतो.

कॅमेरा पाहुण्यांच्या नेटवर्कवर ठेवला तर जास्त सुरक्षित का?

हो. कॅमेऱ्यात कोणी शिरलं तरी तुमच्या लॅपटॉपपर्यंत पोचणं अवघड होतं. तोटा एवढाच की घरातला एनव्हीआर (नेटवर्कवरून कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) किंवा टीव्ही त्या कॅमेऱ्याला थेट गाठू शकत नाही.

ही भीती काल्पनिक नाही. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या मालवेअरने जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते, तेही कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदललेच नव्हते म्हणून. त्या सगळ्यांचा एकत्रित मारा त्या ऑक्टोबरमध्ये वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डायन या कंपनीवर झाला आणि मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पडल्या. म्हणून ‘अ‍ॅडमिन’ आणि ‘१२३४५६’ आजच बदला, अ‍ॅपला दुहेरी पडताळणी लावा, फर्मवेअर (कॅमेऱ्याचं आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत ठेवा. पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे इंटरनेटवरून थेट कॅमेऱ्यापर्यंतची वाट, उघडून देतो म्हणणाऱ्या तंत्रज्ञाला नम्रपणे नाही म्हणा. नवा कॅमेरा घेताना मॉडेलला एसटीक्यूसी या सरकारी तपासणी संस्थेचं प्रमाणपत्र आहे का ते विचारा. केंद्र सरकारने २०२४ मध्ये सीसीटीव्हीसाठी सुरक्षेच्या अटी घातल्या, त्यांची तपासणी त्यात होते.

गावी आई-बाबा एकटे असतात, आम्ही परदेशात. तिकडचं मेश आणि कॅमेरा इथून सांभाळता येईल?

येईल, पण पहिली जोडणी तिथे जाऊनच करा. व्हिडिओ कॉलवर बाबांना क्यूआर कोड धरायला लावण्यात दोघांचाही रक्तदाब वाढतो. दोन्ही अ‍ॅपचं मुख्य खातं कुटुंबातल्या एकाच्या ईमेलवर ठेवा आणि बाकीच्या भावंडांना ‘शेअर’ने परवानगी द्या. एकच पासवर्ड सगळ्यांत फिरवू नका. कॅमेऱ्याचा टाइम झोन भारताचाच ठेवा, नाहीतर ‘रात्री तीनला दारात कोण आलं’ म्हणून तिकडे फोन जातो आणि असतो भरदुपारचा दूधवाला.

डब्यावर आणि प्रत्येक पॉइंटच्या प्लगवर मोठ्या मराठी अक्षरांत १, २, ३ आकडे चिकटवा. काही अडलं तर ‘आई, १ नंबर बंद कर, दहा मोजून चालू कर, हिरवा दिवा आला की २ नंबर’ इतकं सांगून भागतं. आणि दारावर, अंगणात कॅमेरा ठीक. आतल्या खोलीत लावायचा असेल तर त्यांना विचारून, आणि तो कधी बंद करायचा हे त्यांच्याच हातात ठेवून.

आमच्या कॅमेऱ्यात समोरच्या फ्लॅटचं दार दिसतं. शेजाऱ्यांची हरकत आहे.

त्यांची हरकत रास्त आहे. अ‍ॅपमध्ये ‘प्रायव्हसी झोन’ असेल तर तेवढा भाग काळा करा आणि त्यांना फोनवर ते दाखवा. लॉबीत कॅमेरा लावण्याआधी सोसायटीची लेखी परवानगी घेतलेली बरी.

सगळं करून झालं, तरी कॅमेरा जोडला जात नाही.

दोष कॅमेऱ्यात आहे की मेशमध्ये, हे आधी ठरवा. दुसऱ्या एखाद्या फोनचा हॉटस्पॉट चालू करा, त्याच्या सेटिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झ निवडा (आयफोनवर ‘मॅक्झिमाइझ कॉम्पॅटिबिलिटी’), कॅमेरा रिसेट करा आणि त्या हॉटस्पॉटला जोडा. जोडला गेला तर कॅमेरा धडधाकट आहे. वर सांगितलेल्या मेशच्या सेटिंगा एकेक करून बदला, एकदम चार नव्हे, नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही. हॉटस्पॉटलाही जोडला गेला नाही तर मूळ अडॅप्टर आणि मूळ केबल लावून एकदा बघा, कमी ताकदीच्या चार्जरवर कॅमेरा चालू होतो पण वायफाय धरताना मान टाकतो. त्यानंतरही नाहीच, तर बिल आणि कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या सिरीयल नंबरचा फोटो काढून वॉरंटीत द्या. आणि देण्याआधी मेमरी कार्ड काढून घ्या.